नवे चेहरे पुसणारी गोळी

आमच्या घरात आवाज चढवण्याची मक्तेदारी बाबांकडे होती आणि ती मोडून काढण्याचं काम माझ्याकडे. बाबा जव्हारला सरकारी कचेरीत कारकून. रोज साखरशेतहून एसटीने जायचे, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि संध्याकाळी तो शर्ट तसाच्या तसा परत आणायचे. चुरगळलेलं काही त्यांना खपायचं नाही, कपडा असो की माणूस. मी बारावीनंतर डी.एड. करावं आणि मोखाड्याकडच्या एखाद्या शाळेवर लागावं असं त्यांनी ठरवलं होतं. मी प्राणिशास्त्र घेऊन मुंबईला गेले, एम.एस्सी. केलं, आणि नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस तिथल्याच एका संशोधन संस्थेत माकडांच्या स्मरणशक्तीवर चाललेल्या कामात सहायक म्हणून लागले. गावाला हसायला विषय मिळाला. आपली नाचणी माकडंच खाऊन जातात, मग ती बघायला हिला मुंबईला कशाला जावं लागलं, असं जो तो विचारायचा. मी सांगायचे, तुमची माकडं फुकट खातात, आमची परीक्षा देऊन खातात.

मी आईचा हात मुद्दाम थरथरता ठेवला, असं माझे दोन-चार नातेवाईक अजूनही म्हणतात. पोरीने शिकून काय केलं तर आईची चांगली चालू असलेली गोळी बंद पाडली. म्हणू देत. मी ती बंद पाडली हे खरं आहे आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा पाडीन. पण का पाडली ते त्यांनी कधी नीट ऐकून घेतलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी आईच्या नजरेविषयी सांगायला हवं. आमच्या पाड्यावर गुरं राखायची पाळी असते. प्रत्येक घराकडे एकेक दिवस येतो, आणि त्या दिवशी त्या घरच्या माणसाने सगळ्या पाड्याची गुरं सोडवून माळावर न्यायची, दिवसभर चारायची आणि उन्हं कलल्यावर ज्याची त्याच्या दारात पोचवायची. यात चारणं सोपं, पोचवणं कठीण. आमच्याकडची गुरं लहानखुरी, बहुतेक तांबडी नाहीतर काळी, परक्याला सगळी एकाच आईची वाटतील. ज्यांना ओळख कमी ते शिंगाला चिंधी बांधायचे, कुणी कानाला चुना लावायचं. आईला यातलं काही लागायचं नाही. एकदा पाहिलेलं जनावर तिला पाठमोरं, चिखलात लोळलेलं, अर्ध्या अंधारातही कळायचं. माणसांचंही तेच. शिरपामाळला निघालेल्या एका माणसाने एकदा तिला रस्ता विचारला होता. पुढे कधीतरी जव्हारच्या बाजारात तो समोर आला तेव्हा तिने त्याला थांबवून विचारलं, मिळाला का हो रस्ता. तो बिचारा घाबरलाच.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. बाबांना तिचं हे पाहणं म्हणजे गावंढळ चौकसपणा वाटायचा. मला मात्र लहानपणापासून तिचा हेवा वाटायचा, कारण मी वर्गातल्या मुलींनाही कपडे बदलले की चुकवायचे.

पन्नाशी उलटली आणि तिचा उजवा हात हलायला लागला. आधी अंगठा, मग सगळा पंजा. काम करताना कमी, नुसती बसली की जास्त. भाकरी थापताना काही वाटायचं नाही, पण पाहुण्याला चहा द्यायला उभी राहिली की कप वाजायचा. आमच्या भागात बाईचा हात थरथरला की लोकांच्या मनात आजार सगळ्यात शेवटी येतो. मोहाची दारू घरोघरी गाळली जायची, बायकाही सणासुदीला घ्यायच्या, त्यात लपवण्यासारखं फारसं नव्हतं. पण कचेरीतल्या माणसाची बायको घेते म्हटल्यावर त्यात चव आली. मोखाड्याला राहणारे माझे काका एका लग्नात सगळ्यांसमोर हसत बोलले की वहिनी हल्ली सकाळीच सुरू करतात वाटतं. आईने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. बाबा त्या दिवशी जेवण न करता उठले.

मग ते तिला नाशिकला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. कंपवात आहे, असं डॉक्टरने सांगितलं आणि गोळ्या दिल्या. त्यातली एक पांढरी छोटी गोळी होती. ती सुरू झाल्यावर पंधरवड्याच्या आत हात शांत झाला. बाबांचा आनंद काय सांगू. ते त्या गोळीची वेळ घड्याळ लावून पाळायचे, आईपुढे पाण्याचा तांब्या स्वतः धरायचे, आणि कुणी घरी आलं की आईलाच चहा आणायला लावायचे. कप वाजत नाही हे लोकांनी बघावं, एवढ्यासाठी. मीसुद्धा खूष होते. आईचा हात थांबला याचा मलाही आनंदच झाला होता.

त्याच वर्षी भावाचं लग्न झालं. वहिनी जामसरची, अंगाने बारीक, बोलायला हळू. लग्नानंतर महिना-दोन महिने झाले असतील. एक दिवस ती विहिरीवर पाणी भरत होती, पाच-सहा बायका होत्या, आणि आई तिथं आली. वहिनीकडे बघून आईने विचारलं, "कोणाची गं तू? कोणाकडं आलीस?"

बायका आधी हसल्या, त्यांना वाटलं सासू चेष्टा करते. आई चेष्टा करत नव्हती हे कळल्यावर त्या आपापल्या कळश्या उचलायला लागल्या. वहिनी भरलेली कळशी तिथंच ठेवून घरी आली. आमच्याकडे सुनेला ओळख न देणं म्हणजे तिला घरात घेतलं नाही असं सांगणं. भांडण झालं, हुंड्यावरून किंवा मानपानावरून बिनसलं, की सासवा असं करतात. मग जामसरला निरोप गेला, वहिनीचा भाऊ येऊन बाबांशी तणतणला, आणि आईने काय केलं हे आईलाच कळेना. ती म्हणत राहिली की मी तर सहज विचारलं.

मग गुरांचं सुरू झालं. आमची पाळी असली की कुणाची तरी कालवड माळावर राहायची, नाहीतर एकाचा गोऱ्हा दुसऱ्याच्या गोठ्यात. लोक उशिरा कंदील घेऊन शोधायला निघायचे. बोलणी ऐकायला आईच पुढे व्हायची. हात थांबला पण डोकं गेलं, असं पाड्यावर ठरलं. बाबांनीही तेच ठरवलं, फक्त शुद्ध भाषेत. वय झालं, म्हणाले. त्यांचा बेत तयार होता: गुरं विकायची, साखरशेतचं घर भाऊ-वहिनीवर सोडायचं, आणि आईला जव्हारला कचेरीच्या जवळ एका खोलीत ठेवायचं. ते कामावर गेले की बाहेरून कडी. तिथं ती कुणाला भेटणार नाही, म्हणजे कुणाला चुकणार नाही. मला फोनवर हे त्यांनी असं सांगितलं जणू बदलीची ऑर्डर आली आहे. आयुष्यभर माळावर फिरलेली बाई एका खोलीत कोंडायची, आणि तीही तिच्या भल्यासाठी. माझं डोकं सणकलं. पण ओरडण्यापलीकडे माझ्या हातात तेव्हा काही नव्हतं.

ते हातात आलं माकडांमुळे.

आमच्या प्रयोगशाळेतलं काम बघायला गेलं तर पोरखेळ होता. लाल तोंडाच्या माकडापुढे एक ट्रे सरकवायचा. ट्रेवर एक वस्तू, कधी प्लॅस्टिकचं झाकण, कधी कंगवा, कधी खेळण्यातलं चाक. माकड ती बाजूला करतं, खालच्या खळग्यातला शेंगदाणा खातं. मग पडदा टाकायचा. थोड्या वेळाने, नाहीतर दुसऱ्या दिवशी, तीच वस्तू एका नव्या वस्तूच्या शेजारी मांडायची. आता शेंगदाणा नव्या वस्तूखाली. माकडाला हे एकदा उमगलं की ते भराभर नव्या वस्तूलाच हात घालतं, म्हणजे जुनी त्याच्या लक्षात आहे. एवढंच. पण यातून कळतं की डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यात टिकलं की नाही.

पाहिलेल्या वस्तूची ओळख कानशिलाच्या आत, मेंदूच्या खालच्या अंगाला राहते, माकडाची तशी आपलीही. पण ती आपोआप राहत नाही. काहीतरी नवं डोळ्यांपुढे आलं की मेंदूच्या बुडाशी असलेल्या काही पेशी तिथं एक रसायन सोडतात, अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं. हे सुटलं तर पाहिलेलं ठसतं. नाही सुटलं, किंवा सुटूनही कानशिलातल्या पेशींना ते घेता आलं नाही, तर डोळे बघतात आणि मागे काही उरत नाही. आम्ही हेच तपासत होतो. एक औषध होतं, जे या रसायनाची वाट अडवतं. ते मूळचं धोतऱ्यात सापडणारं, असं आमच्या सरांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, सर, ते आमच्या बांधावर उगवतं. धोतऱ्याच्या बिया खाऊन दिवसभर बरळणारा माणूस मी लहानपणी पाहिला होता.

औषध टोचलं की माकड झोपत नव्हतं, लटपटत नव्हतं. त्याचा हात नेमका चालायचा. ते ट्रेकडे नीट बघायचं, ठामपणे एक वस्तू उचलायचं, आणि खाली रिकामा खळगा. मग ते माझ्याकडे बघायचं. मीच शेंगदाणा लपवला असं त्याला वाटत असावं. त्या नजरेची मला सवय झाली नाही, आणि पुढे मी ते काम सोडलं त्याचं हेही एक कारण आहे.

एक दिवस सरांनी मला दोन तऱ्हेचे निकाल शेजारी मांडून दाखवले. वस्तू दाखवण्याच्या आधी औषध दिलं, तर ती वस्तू माकडाला नंतर ओळखता येत नव्हती. वस्तू दाखवून झाल्यावर औषध दिलं, तर मात्र माकड ती बिनचूक ओळखायचं. आधीचं ठसलेलं औषधाने जात नाही, सर म्हणाले, फक्त नवं ठसत नाही.

मी निकाल बघत बसले आणि मला विहीर दिसायला लागली. आईने चुकवलेली गुरं एकेक करून आठवली. माळावर राहिलेली कालवड शेजारच्यांनी नुकतीच आणलेली होती. दुसऱ्याच्या गोठ्यात गेलेला गोऱ्हा त्याच पावसाळ्यात जन्मलेला होता. जुन्या गाईंपैकी एकही तिने कधी चुकवली नव्हती. पाड्यावरच्या जुन्या माणसांनाही ती नेहमीसारखी हाक मारत होती. तिला ओळखता येत नव्हतं ते फक्त नवं, आणि घरातली सगळ्यात नवी होती वहिनी. वयाने डोकं जात असतं तर ते हळूहळू गेलं असतं, गोळीचा मुहूर्त धरून गेलं नसतं. मी भावाला फोन करून पांढऱ्या गोळीच्या पाकिटावरचं नाव एकेक अक्षर वाचायला लावलं आणि सरांना विचारलं. ते म्हणाले, ही त्याच जातीची. आम्ही माकडाला टोचतो ते जे करतं, तेच ही करते, जरा सावकाश.

कंपवातात तिचा उपयोग का होतो हेही त्यांनी समजावलं. हाताच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागात हेच रसायन वरचढ झालं की हात थरथरतो, गोळी ते दाबते. पण गोळीला कुठे माहीत की हात कुठला आणि कानशील कुठलं. वरच्या खाचराचं पाणी अडवलं की खालचं खाचरही सुकतं, आमच्याकडे हे कुणालाही सांगावं लागत नाही. बाबांनी आईच्या हाताचं पाणी अडवलं होतं, आणि वहिनीचा चेहरा कोरडा पडला होता.

मी रजा टाकून घरी आले. येताना प्रयोगशाळेतल्यासारख्या वस्तू पिशवीत भरल्या होत्या: रंगीत बटणं, बाटल्यांची झाकणं, एक छोटा आरसा, कंदिलाचा मोडका चाप. दुपारी ओट्यावर सुपात एकेक ठेवून आईला दाखवल्या, मग जेवणं झाल्यावर त्यात नव्या मिसळून विचारलं की मघाशी कुठल्या बघितल्या. तिला सांगता येईना. दोनदा केलं, तिसऱ्यांदा करायला गेले तर तिने सूप उलटं केलं.

"मना माकड समजलीस काय?" ती म्हणाली. "मग शेंगदाणा तरी दे."

आम्ही दोघी हसलो. बाबा आतून म्हणाले की ती माणूस आहे, तुझ्या पिंजऱ्यातली माकडीण नाही. मी म्हटलं, बाबा, डोक्याच्या आत फारसा फरक नसतो, तुमच्याही. ते इस्त्री करत होते, त्यांनी शर्टाची कॉलर उलटून घेतली.

सुपातल्या वस्तू गोळा करताना आई हळूच बोलली. आपल्याला नवीन काही राहत नाही हे तिला कधीचंच कळलं होतं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर वेडी ठरली असती, आणि न सांगता ती दुष्ट ठरत होती, त्यातलं दुष्ट तिला परवडलं. "सून रोज सकाळी चुलीपाशी बसते," ती म्हणाली, "म्हणून चुलीपाशी जी बसली ती सून, असा धरून चालते मी. बाहेर भेटली तर वळखाया येत नाय." एवढ्या नजरेची बाई, आणि ती आपल्या घरात जागेवरून माणूस ओळखत होती. मला रडू आलं आणि राग आला, रागच जास्त.

नाशिकच्या दवाखान्यात मी आईबरोबर गेले. बाबाही आले, माझ्यावर नजर ठेवायला. डॉक्टर वाईट माणूस नव्हता, घाईत होता. बाहेर बाकं भरलेली. त्याने आईचा हात बघितला, छान म्हणाला, आणि तीच गोळी पुढे लिहायला लागला. मी सांगितलं की आईला नवे चेहरे राहत नाहीत आणि ते या गोळीने होतं आहे. तो म्हणाला, या वयात विसरतात. मी म्हटलं, वयाचं विसरणं हळूहळू येतं, हिचं गोळीबरोबर आलं, आणि गोळी सुरू झाल्यापासूनचंच तेवढं जातं. त्याने मी कोण आहे विचारलं. मी म्हटलं, हिची मुलगी, आणि माकडांना हेच औषध देते. बाबांनी कपाळाला हात लावला. मी उठले नाही. बाहेरचा माणूस दोनदा दार उघडून डोकावला, मी उठले नाही. शेवटी डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि आईला तीन-चार वस्तूंची नावं सांगितली, थोड्या वेळाने ती तिला परत विचारली. मग तो जरा गंभीर झाला.

गोळी एकदम सोडायची नाही, तो म्हणाला, हळूहळू कमी करायची, मी सांगतो तशी. दुसरी एक गोळी चालू राहील, तिने चालणं-वळणं सुधारेल. "पण कंप परत येणार," त्याने बाबांकडे बघून सांगितलं, "हे आधीच समजून घ्या."

बाबांनी समजून घेतलं, आणि ते त्यांना अजिबात मान्य नव्हतं.

हात परत आला, म्हणजे थरथर. पहिल्यापेक्षा जोरात, दोन्ही हातांत. भाकरी फाटायला लागली. पाण्याचा तांब्या तोंडापर्यंत जाईतो निम्मा व्हायचा. बाबा मला फोनवर म्हणायचे, बघ, हे तू केलंस. त्यांना तेवढंच दिसत होतं. विहिरीवर आईने वहिनीला लांबून हाक मारली, ती पाठमोरी असताना, हे त्यांना दिसलं नाही. वहिनीने मला ते दोनदा सांगितलं. आईंनी मला पाठीवरून ओळखलं, असं ती म्हणाली, कुणी तिला मोठी पदवी दिल्यासारखं. शेजारच्यांची ती कालवडही आता आईला कळायला लागली होती. बाबांचा बेत मात्र जागचा हलला नव्हता. पांढरी गोळी पुन्हा सुरू करायची, गुरं विकायची आणि खोली. त्यांनी काकांना मोखाड्याहून बोलावून घेतलं, आणि काका येताना गुरांना गिऱ्हाईक घेऊन आले.

मी त्या सकाळी घरी होते. भाताची मळणी संपलेली, अंगणात पेंढा. गिऱ्हाईक गाईंच्या पाठीवरून हात फिरवत होतं. काका आणि बाबा ओट्यावर बसले होते. मी बाबांशी भांडायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. कप बशांवर नाचत होते, तो आवाज अंगणात सगळ्यांना ऐकू गेला. बाबा म्हणाले, ठेव, सून देईल. वहिनी पुढे झाली. आईने मान हलवून तिला थांबवलं आणि काकांपर्यंत गेली. कप देताना चहा काकांच्या पांढऱ्या पायजम्यावर सांडला. काका झटकत उठले आणि बाबांना म्हणाले की सकाळीच एवढी?

आईने ट्रे खाली ठेवला. तिला वेळ लागला, कुणी मदत केली नाही, कारण तिला ती नको होती हे आम्हाला कळत होतं.

"हात हालतो, डोला नाय हालत," ती म्हणाली. "काल तुमची मोठी सून बाजारात दिसली. मी वळखली. ती पण एकदाच बघितलेली."

मग ती बाबांकडे वळली. बाबांशी ती कधी चारचौघांत बोलायची नाही.

"मी खोलीत जाणार नाय. ती गोळी पण खाणार नाय. खोलीत बसून न हालणारा हात घेऊन मी काय करू?"

मी बाबांना इतकी वर्षं ओळखते, पण त्या क्षणी ते काय विचार करत होते ते मला सांगता येणार नाही. काका म्हणाले की बाईमाणसाच्या शब्दावर गुरं थांबत नसतात. तेव्हा वहिनी, जी या घरात येऊन मोठ्याने एक वाक्य बोलली नव्हती, ती गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. गिऱ्हाईकाने तिच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, सांडून उरलेला चहा प्यायला आणि पुन्हा येतो म्हणाला. तो पुन्हा आला नाही. बाबांनी त्याला बोलावलंही नाही. ते शर्ट घालून एसटीला गेले, आणि त्या संध्याकाळपासून त्यांनी पांढऱ्या गोळीचं नाव काढलं नाही.

याला विजय म्हणायचं तर म्हणा, पण तो फुकटचा नव्हता. कंपवात थांबला नाही, तो थांबत नसतोच. पुढच्या काही वर्षांत आईचे पाय जड झाले, गुरांची पाळी वहिनी आणि भाऊ करू लागले. आईला आम्ही भरवायचो. ताट सांडायचं, साडी खराब व्हायची, आणि आलेला पाहुणा नजर दुसरीकडे वळवायचा. त्या पाहुण्यांची मला कधी लाज वाटली नाही. बाबांना वाटायची, तरी ते तिला बाहेर ओट्यावर आणून बसवायचे, सगळ्यांना दिसेल अशा जागी, आणि शेजारी स्वतः इस्त्रीच्या शर्टात बसायचे. त्यांच्याकडून मला याहून जास्त काही नको होतं. जे नातेवाईक म्हणतात की त्या गोळीने तिचे शेवटचे दिवस शांत गेले असते, त्यांना मी विचारते, शांत कुणाचे, तिचे की तुमचे.

वहिनीला मुलगी झाली. आई तिला उचलून घेऊ शकत नव्हती, पाडायची भीती. मांडीवर ठेवायचो, मग आईच्या हातांबरोबर पोरही हलायची आणि झोपायची. ती चार-पाच वर्षांची झाली आणि पाड्यावरच्या पोरांबरोबर शाळेला जायला लागली तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस घरी आले होते. संध्याकाळी ओट्यावर आईशेजारी बसले होते. शाळा सुटली होती आणि पोरं घाटीवरून येत होती, लांबून नुसते निळे-पांढरे ठिपके, सगळे एकाच गणवेशात, काही पळत, काही दगड उडवत.

आई म्हणाली, आली. मी विचारलं, कुठली? मला खरोखर कळत नव्हतं. तिने हात उचलला. बोट एका जागी राहीना, ते सगळ्या रस्त्यावरून इकडून तिकडे फिरलं, पहिल्या पोरापासून शेवटच्यापर्यंत. तिने ते आवरायचा प्रयत्न केला नाही. तिची नजर मात्र एकाच ठिकाणी होती.

"ती मागं रेंगालते ती," आई म्हणाली. "आपली."

पोरं आणखी जवळ आली, तेव्हा मलाही दिसली.